मासळी दळून मासळी पोसण्याचा धंदा

ज्या देशांत गरिबाच्या ताटांतली तारली उचलून ती कारखान्यांत दळली जाते, आणि तो भुगा परदेशीं जाणाऱ्या कोळंबीला चारला जातो, त्या देशांत 'मत्स्योत्पादन वाढलें' म्हणून नगारे बडविणारांस आमचा सवाल आहे. वाढलें तें कोणाच्या घरीं? सन 2022-23 मध्यें हिंदुस्थानांत सुमारें 175 लाख टन मासळी निघाली असें सरकारी आंकडे सांगतात. आंकडा मोठा आहे, पण तो कसा मोठा झाला हें कोणी विचारीत नाहीं.

आम्ही पडलों मास्तर. आम्हांस आंकडा दिला कीं त्याची फोड केल्याशिवाय चैन पडत नाहीं. तेव्हां वाचकहो, पाटीपेन्सील घ्या. एक टन कोळंबी काढावयाची आहे. तिला दीड टन खाद्य लागतें असें धरा. नीट चालविलेल्या तळ्यांत एवढेंच लागतें. त्या खाद्यांत पांचवा हिस्सा फिशमीलचा, म्हणजे सुकविलेल्या मासळीच्या भुग्याचा. दीड टनाचा पांचवा हिस्सा 300 किलो. आतां एक किलो भुगा पडावयास ताजी मासळी साडेचार किलोंच्या घरांत दळावी लागते. तीनशें गुणिले साडेचार, 1,350 किलो. म्हणजे एक टन कोळंबी श्रीमंताच्या ताटांत वाढण्यासाठीं एक टन साडेतीनशें किलो मासळी समुद्रांतून उपसून चक्कींत घातली! कांहीं भुगा डोकीं, कांटे, शेपट्या अशा टाकाऊ मालाचाही असतो, आणि कांहीं खाद्यवाले हा हिस्सा कमी करीत आले आहेत, हें आम्ही मान्य करतों. म्हणून वाटल्यास हिशेब निम्मा करा. तरी ज्या धंद्याला मासळी 'पिकविण्याचा' धंदा म्हणतात, तो पिकवितो किती आणि खातो किती, हें पोरालाही समजेल.

जगाचा हिशेब याहून निराळा नाहीं. सन 2022 सालीं पाळलेल्या जलचरांचें उत्पन्न पकडलेल्यांपेक्षां प्रथमच अधिक झालें. जगांतील पंडितांनीं टाळ्या पिटल्या. पण त्याच सालीं सुमारें 1 कोटी 70 लाख टन मासळी माणसाच्या तोंडीं न जातां भुगा आणि तेल यांत गेली. ही मासळी कोणती? सुरमई नव्हे, पापलेटही नव्हे. तारली, बारीक बांगडा आणि नांव नसलेलीं पिल्लें, म्हणजे जी मासळी कोळीण पाटींतून उतरवून मजूरबाईला परवडेल अशा वाट्यानें विकते ती. रत्नागिरी, गोवें, मंगळूर, मलपे या बाजूस भुग्याचे कारखाने आहेत. बंदरावरच माल उचलणारा गिऱ्हाईक उभा असला, तर बारीक मासळी निवडून वाटे लावीत बसण्याची तसदी कोणी घ्यावी? टोपल्याच्या टोपल्या एका भावानें जातात. आणि मग शहरांतले विद्वान वर्तमानपत्रांत लिहितात कीं गरिबांच्या मुलांस प्रथिनें मिळत नाहींत!

केरळांत 2012 सालीं तारली सुमारें चार लाख टन सांपडली होती, ती 2021 सालीं अवघी 3,297 टनांवर आली. समुद्र तापला, वारे फिरले, खाणें हललें अशीं कारणें शास्त्रज्ञ देतात, आणि तीं खोटीं नव्हेत. सगळें पाप चक्कीच्या माथीं मारण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्या वर्षीं शेत पिकत नाहीं त्या वर्षीं बी-बियाणेंही दळून खाणारा कुणबी शहाणा म्हणावा काय? इकडे महाराष्ट्र सरकारनें 2023 सालीं 54 जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली, म्हणजे त्याहून आंखूड मासा धरूं नये. त्याच सालीं पापलेटास राज्याचा मासा म्हणून मान दिला. मान दिला हें ठीकच झालें. पण पिल्लाला गिऱ्हाईक ठेवावयाचें आणि पिल्लू धरणारावर कायदा ठेवावयाचा, ही दुटप्पी रीत आहे. आमच्या डोलीच्या जाळ्यांतही पिल्लें येतात हें आम्ही झांकीत नाहीं. पण डोलकरालाच तेवढा अडाणी ठरवून त्याचा माल विकत घेणारा मात्र 'उद्योजक' म्हणून खुर्चीवर बसतो, याचा आम्हांस राग येतो.

आतां दुसरी बाजू. जें खाद्य तळ्यांत घातलें त्याचें होतें काय?

आमच्या खारेपाटांत, म्हणजे पेण-अलिबागकडे, घरामागच्या तळ्यांत जिताडा पाळण्याची चाल जुनी आहे. जिताडा मोठा खादाड. त्याला जिवंत बारीक मासा लागतो. घरचीं माणसें खातील एवढेच जिताडे असत, तोंपर्यंत तळें आपलें आपण निभावून नेत असे. पण जेथें खाद्याचीं पोतीं ओतून कोळंबी दाटीनें वाढवितात, तेथें गोष्ट वेगळी. पुन्हां हिशेब करूं. दीड टन खाद्य, त्यांत शेंकडा 35 प्रथिन, म्हणजे 525 किलो. प्रथिनाला सव्वासहांनीं भागलें कीं त्यांतला नत्र निघतो: 84 किलो. एक टन कोळंबीच्या अंगीं लागतो सुमारें 28 किलो. उरले 56 किलो कोठें गेले? कांहीं उष्ट्या खाद्यांत, कांहीं विष्ठेंत, आणि बराचसा अमोनिया होऊन पाण्यांत. म्हणजे तीन हिश्शांतले दोन हिस्से शेतकऱ्यानें रोख पैसे मोजून विकत घेतले आणि खाडींत सोडून दिले! कुणब्यानें युरियाचें पोतें बांधावरून ओहोळांत ओतलें तर गांव त्याला वेडा म्हणेल. येथें मात्र त्याला आधुनिक शेती म्हणतात.

हें पाणी खाडींत गेलें कीं काय होतें, त्याची चौकशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 11 डिसेंबर 1996 रोजीं न्यायालयानें किनाऱ्यावरील कोळंबीच्या तळ्यांवर कडक निकाल दिला; पुढें 2005 सालीं कायदा होऊन तटीय जलकृषि प्राधिकरण कायमचें बसलें. मोठ्या शेतांनीं सांडपाण्याची निराळी व्यवस्था राखावी असें नियम म्हणतात. पुष्कळ ठिकाणीं ही व्यवस्था म्हणजे एक खड्डा. त्यांत गाळ बसतो हें खरें. पण जो अमोनिया विरघळला तो खड्ड्यांत बसत नाहीं. त्याला खाणारें कोणीतरी पाहिजे.

तो खाणारा देवानें फुकट ठेविला आहे. त्याचें नांव शेवाळ. दगडावरचें निसरडें शेवाळ नव्हे. पाण्याला हिरवा रंग आणणारें, एकेक कण डोळ्यांस न दिसणारें सूक्ष्म शेवाळ. त्याला पाणी, ऊन, हवेंतला कर्बवायु आणि थोडें खत एवढें पुरतें. जें खत पाहिजे तेंच माशाच्या सांडपाण्यांत तयार असतें, नत्र आणि स्फुरद. क्लोरेला म्हणून एक जात आहे, तिच्या सुक्या वजनांत निम्में प्रथिन. स्पिरुलिनांत त्याहून अधिक. आणि मासळीच्या तेलांतलें जें हृदयाला हितकर म्हणून डॉक्टर सांगतात, तें ओमेगा-तीन मूळ मासा करीतच नाहीं. शेवाळ करतें, शेवाळ खाणारा कीटक घेतो, त्याला मासा खातो. मासा नुसता हमाल आहे. मग आम्ही मूळ धन्याला सोडून हमालाला कां दळावें?

पुन्हां पाटी. त्या 56 किलो नत्रांपैकीं निम्मा गाळांत नि हवेंत गेला असें धरूं. उरले 28. सुक्या शेवाळांत नत्र शेंकडा आठ. म्हणजे 350 किलो सुकें शेवाळ. उथळ तळ्यांत दर चौरस मीटरला दिवसाकाठीं 15 ग्रॅम शेवाळ मिळालें तर चार महिन्यांत 1,800 ग्रॅम. आणि 350 किलोंस लागेल सुमारें 195 चौरस मीटर जागा, अवघे दोन गुंठे! दोन गुंठ्यांत पाणीही निवळतें आणि वर जवळजवळ त्या 300 किलो भुग्याच्या वजनाचा जिन्नस पदरांत पडतो. हें कागदावरचें गणित आहे. शेतांत पाऊस, ढग, आळस आणि रोग यांची वजाबाकी होईल. अर्धें पदरांत पडलें तरी पुष्कळ झालें.

येथपर्यंत ऐकल्यावर तीन तऱ्हेचीं माणसें उठून उभीं राहतात. पहिला म्हणतो, "सोयाबीन आहे कीं! त्याची पेंड घाला." पेंड घालतातच, आणि घालावीही. पण सोयाबिनांत तें ओमेगा-तीनचें लांब साखळीचें तेल नाहीं, आणि तें विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनींत येतें. शेवाळाला सुपीक जमीन लागत नाहीं. खारवट पडीक चालते. ह्या गृहस्थास एवढें उत्तर पुरे.

दुसरा गृहस्थ खरा जाणता असतो. तो विचारतो, "हें गोळा कसें करणार?" ह्या प्रश्नापाशीं भल्याभल्या प्रयोगशाळांचे पाय लटपटतात. दाट वाढलेल्या हिरव्या पाण्यांत सुद्धां लिटराला अर्धा ते एक ग्रॅम सुकें शेवाळ असतें, बाकी पाणीच. क्लोरेलाचा कण मिलिमीटराच्या शंभराव्या भागाहूनही लहान, फडक्यांतून सरळ गळून जातो. यंत्रानें घुसळून काढावें तर विजेच्या बिलानें शेतकरी बुडेल. शिवाय क्लोरेलाचें कवच चिवट, न फोडतां दिलें तर माशाच्या पोटांतून जसेंच्या तसें बाहेर पडावयाचें.

हें सारें खरें. पण याचा अर्थ मार्ग नाहीं असा नव्हे. आफ्रिकेंत चाड नांवाचें सरोवर आहे. त्याच्या कांठीं कानेंबू जमातीच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हिरवें पाणी गाळतात, लगदा वाळूवर वाळवितात, त्याच्या वड्या पाडून बाजारांत विकतात. त्या वड्यांना तेथें दिहे म्हणतात. तेंच स्पिरुलिना! त्याचे धागे लांब नि गुंडाळलेले असतात, म्हणून तें फडक्यावर राहतें. ह्या बायकांनीं कोणत्याही विद्यापीठाचें तोंड पाहिलें नव्हतें. ज्यांनीं पाहिलें आहे त्यांनीं तीच वडी कांचेच्या बाटलींत गोळ्या करून घातली आणि सोन्याच्या भावानें विकावयास काढली, ही निराळी गोष्ट.

दुसरा मार्ग चुन्याचा. त्यानें पाण्याचा अल्कपणा पुष्कळ वाढविला, कीं शेवाळाचे गठ्ठे होऊन खालीं बसतात. तिसरा मार्ग आमच्या विशेष आवडीचा. कोळंबी सोलतांना जीं टरफलें पडतात त्यांपासून कायटोसान नांवाचा पदार्थ निघतो; कोचीनच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनें त्याची रीत बसविलेली आहे. तो थोडा टाकला कीं गोड्या पाण्यांतलें शेवाळ गोळा होतें. खाऱ्या पाण्यांत त्याचा जोर कमी पडतो, हें ध्यानांत ठेवावें, नाहींतर खारेपाटांतला शेतकरी पैसे घालून बसेल आणि मग शेवाळालाच शिव्या देईल.

पण आमच्या मतें सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे गोळा करूंच नये! हिरवें पाणी दुसऱ्या तळ्यांत सोडावें आणि त्यांत बोय पाळावी, कालवें लावावीं, तिसऱ्या पेराव्या. कालव हें जिवंत गाळणें आहे, दिवसभर पाणी ओढून शेवाळ खातें; त्याला यंत्र नको, वीज नको. गोड्या पाण्यांत तेंच काम चंदेरी नांवाचा परदेशी कार्प मासा करतो. किंवा शेवाळावर मोइना पोसावी, म्हणजे पाण्यांतली बारीक पिसवी. ती जिताड्याच्या पिल्लांस द्यावी. पिल्लूपणीं जिताड्याला जें जिवंत खाणें लागतें तें असें घरींच निघतें. शिवाय कोळंबीच्या बीज-केंद्रांत हें नवीन नाहीं; कीटोसेरॉस नांवाचें शेवाळ वाढविल्यावांचून तेथें एक पिल्लू जगत नाहीं. म्हणजे विद्या आहे, रोज वापरांत आहे. ती फक्त बीज-केंद्राच्या भिंतीबाहेर पडत नाहीं.

एक इशारा दिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. शेवाळ माशाच्या तळ्यांतच माजूं देऊं नये, त्याला वेगळें तळें हवें. दिवसा तें प्राणवायु देतें, पण रात्रीं तेंही श्वास घेतें. आणि दाट माजलेलें एकदम मेलें तर पहांटे सारीं मासळी पोट वर करून तरंगते. हें न सांगतां नुसतें "शेवाळ लावा, सोनें काढा" म्हणणारे जे दलाल हल्लीं फिरूं लागले आहेत, त्यांना उंबऱ्याच्या आंत घेऊं नये.

तिसरा गृहस्थ वेसाव्याचा. तुमच्या कागदांत वर्सोवा, आमच्या तोंडीं वेसावे. तो म्हणतो, "मास्तर, आमच्या खाडींत तर हिरवें काळें पाहिजे तेवढें पाणी आहे. तेंच कां नाहीं वापरीत?" हा प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट देतों. नाहीं! मासळीच्या तळ्याचें सांडपाणी एक, आणि शहराचें गटार दुसरें. तळ्यांत काय पडलें हें तळेवाल्यास ठाऊक असतें. मालाडच्या खाडींत काय पडतें हें कोणास ठाऊक? शेवाळ जसा नत्र ओढतें तसेंच शिसें आणि पारा यांसही धरून ठेवतें. तें माशाला चारलें कीं माशांतून आपल्या पोटांत. कलकत्त्याच्या पूर्वेस शहराच्या सांडपाण्यावर भेड्यांत मासळी पोसतात, 12,500 हेक्टरांची ती पाणथळ 2002 सालीं रामसार यादींत गेली, हें खरें आहे. पण तेथें पाणी आधीं उन्हांत मुरवितात, मग मासे सोडतात; आणि तें काम जाणत्या कोळ्यांच्या पिढ्यांनीं उभें केलें. तेथें चामड्याच्या कारखान्यांचें पाणी आलें तेव्हां तेच कोळी घाबरले. वेसाव्याची खाडी आधीं महापालिकेनें स्वच्छ करावी. ती तिची जबाबदारी आहे. शेवाळाचें नांव पुढें करून कोणी ती कोळ्यांच्या गळ्यांत बांधूं नये. आणि तळेवाल्यानेंही ज्या तळ्यांत औषधें ओतलीं त्याचें पाणी शेवाळाला देऊं नये.

आतां वेसाव्याचीच गोष्ट निघाली म्हणून बोलतों. ज्या गांवांत वलांडीवर बोंबील वाळतात, त्याच गांवांत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था उभी आहे. 1961 च्या जूनांत ती निघाली, 1979 पासून कृषि अनुसंधान परिषदेकडे आहे, 1989 सालीं तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. देशभरचीं मुलें तेथें माशाचें खाणें, माशाचें पाणी, माशाचे रोग यांवर पदव्या घेतात. तेथील विद्वानांविषयीं आम्हांस आदर आहे. वर्ग भरतात, शिबिरें होतात, तेंही आम्ही नाकारीत नाहीं. पण विद्येचा ओघ कोणत्या भाषेंत वाहतो? प्रबंध इंग्रजींत, नियतकालिकें इंग्रजींत. खाडीच्या अलीकडे माशाच्या पोटांतला नत्र मोजतात, पलीकडे कोळी तोच नत्र खाडींत वाहून जातांना बघतो, आणि दोघांत एका भाषेची भिंत! सोंवळ्यांतलें ज्ञान आणि ओंवळ्यांतला कष्टकरी ही जुनी वांटणी आम्हांस ओळखीची आहे. ती आतां शास्त्राच्या नांवानें पुन्हां चालूं देण्याची आमची तयारी नाहीं.

कोणी म्हणेल, कोळ्याला हें समजणार नाहीं. ज्याला भरती-ओहोटीचें गणित चंद्राकडे पाहून येतें, पाण्याच्या रंगावरून मासळी कोठें आहे तें सांगतां येतें, त्याला हिरवें पाणी समजणार नाहीं? आमच्या वर्गांतलीं खारेपाटांतलीं पोरें बाटलींत तळ्याचें पाणी भरून खिडकींत ठेवतात, कोणती बाटली आधीं हिरवी होते तें रोज लिहितात. ज्या बाटलींत माशाच्या तळ्याचें पाणी घातलें ती आधीं होते, विहिरीची मागाहून. यांत समजण्यासारखें अवघड काय आहे तें आम्हांस कळत नाहीं.

सन 2020 पासून प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना चालू झाली. तळें खणावयास, टाक्या बांधावयास सर्वसाधारण माणसास शेंकडा 40 आणि बायकांना व दलित-आदिवासींना शेंकडा 60 मदत तींत ठेवली. टाकीला मदत, तशी टाकीच्या मागच्या दोन गुंठ्यांना कां नको? मागणारानें मागितल्याशिवाय कोणतें सरकार देतें? म्हणून मच्छीमार सोसायट्यांनीं ठराव करून मागावें. प्रथम, शुद्ध शेवाळाचें बीज सरकारी बीज-केंद्रांतून नाममात्र किंमतींत, जसें भाताचें बियाणें मिळतें तसें. तें खासगी दलालाकडून घेण्याची पाळी येऊं नये, कारण बीज भेसळीचें निघालें तर सारें तळें वायां जातें. दुसरें, रीत मराठींत छापलेली, चित्रांसह, खाऱ्या पाण्याची निराळी आणि गोड्या पाण्याची निराळी. पाणी, शेवाळ आणि तयार खाद्य यांची तपासणी तालुक्याच्या गांवीं व्हावी. त्यासाठीं कोणाला मुंबईस हेलपाटा पडूं नये. आणि वाळविण्याचें नि विकण्याचें काम कोळणींच्या बचतगटांकडे यावें, कारण उन्हांत मासळी वाळविण्याचें शास्त्र त्यांच्याइतकें कोणास येत नाहीं.

वेळेचेंही भान ठेवावें. कोंकणांत जून ते सप्टेंबर ऊन नाहीं, पावसानें खारें पाणी गोडें होतें, त्या चार महिन्यांत शेवाळ तग धरीत नाहीं. पाऊस सरला कीं ऑक्टोबरांत आभाळ मोकळें होतें, पाणी हळूहळू खारें चढतें, आणि तेथून मे अखेरपर्यंत सूर्य फुकट राबतो. बीज शेतकऱ्याच्या हातीं पडावयाचें तें दसऱ्याच्या सुमारास पडलें पाहिजे. कागद फिरत फिरत फेब्रुवारींत आलें तर त्या वर्षीं त्याचा कांहीं उपयोग नाहीं.